जुनी सिटी, नवे टायर: पाडवा ते गणपती

६ एप्रिल २०२५, रविवार

पाडव्याला गाडी घरी आली. होंडा सिटी, चौथ्या पिढीची, २०१५ च्या मध्याची, व्ही मॉडेल, पेट्रोल, पाच गिअरची मॅन्युअल. मीटरवर ७१,४०० किलोमीटर. मी दुसरा मालक. पहिल्या मालकांनी सर्व्हिसची सगळी बिलं एका फाइलमध्ये लावून ठेवली होती आणि व्यवहार पक्का करताना मला त्या फाइलचा सगळ्यात मोठा आधार वाटला. इंजिन दीड लिटरचं, ११९ पीएसचं, टायमिंग चेनवालं, त्यामुळे बेल्ट बदलण्याचा खर्च डोक्यावर नाही. थंड इंजिन पहिल्या सेल्फला लागतं, धूर नाही, क्लच वर आलेला नाही.

गाडीच्या कामांसाठी साठ हजार बाजूला काढलेत. मुदत गणपतीची. २७ ऑगस्टला चतुर्थी आहे आणि त्याआधी आई-बाबांना घेऊन गुहागरला गावी जायचं, ताम्हिणीमार्गे. म्हणजे पाऊस, घाट, मग माणगावपासून महामार्गाचे खड्डे, आणि गाडीत पाच माणसं नि डिकी भरून सामान. गाडी काय करू शकली पाहिजे ते यावरून ठरतं.

मेहुण्याची यादी वेगळी आहे: सोळा इंची अलॉय, मोठी टचस्क्रीन, काचांना फिल्म. त्याला सांगितलं, आधी खालून वर जाऊ. रस्त्याला टेकणारे चार तुकडे प्रत्येकी तळहाताएवढे असतात. ब्रेक कितीही चांगले असोत, एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) असो, शेवटी सगळं त्या चार तळहातांवर येतं. पहिला रुपया तिथेच जाणार.

१२ एप्रिल, शनिवार

टायरची पाहणी. दोनशे रुपयांचा खोली मोजायचा गेज आणला. एवढं स्वस्त नि एवढं उपयोगी हत्यार दुसरं नसेल, जुनी गाडी बघायला जाणाऱ्या प्रत्येकाने खिशात ठेवावं.

पुढचा डावा: बाहेरच्या कडेला ३.१ मिलिमीटर, आतल्या कडेला १.४. पुढचा उजवा: ३.३ आणि २.६. मागचे दोन्ही साधारण साडेतीन, पण वेगळ्या कंपनीचे. कायद्याने किमान १.६ मिलिमीटर खोली लागते. टायरच्या खाचांमध्ये तेवढ्याच उंचीचे रबराचे छोटे बंधारे असतात आणि नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की टायर संपला. पुढचा डावा उभा राहून बघितला तर ठीक दिसतो. स्टिअरिंग पूर्ण वळवून आत वाकलं की मग कळतं, आतून तो गोटा झालाय.

आता वय. बाजूच्या भिंतीवर डॉट अक्षरांनंतरच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. पुढच्यांवर ४११९, म्हणजे २०१९ चा एक्केचाळिसावा आठवडा. मागच्यांवर ०८१८. खाचांच्या तळाशी आणि भिंतीवर बारीक तडे दिसतात. रबर वापरलं नाही तरी हवेतल्या ऑक्सिजनने आणि ओझोनने ते कडक होत जातं, त्यातला तेलाचा अंश उडतो. कडक रबर कोरड्या रस्त्यावर तग धरतं, ओल्या डांबरावर मात्र घसरतं. नक्षी साडेतीन मिलिमीटर शिल्लक असून मागचे टायर मला नकोत ते यामुळे.

स्टेपनीने मात्र चकवलं असतं. बाहेर काढली तर नक्षी कोरी करकरीत, रबराच्या मिशासुद्धा जागेवर. कोड १९१५. गाडीबरोबर आलेला टायर, कधीच रस्त्याला न लागलेला, पण दहा वर्षांचा. पावसाळ्यात रात्री पंक्चर झाल्यावर आई-बाबांना बसवून मी त्याच्यावर घाट उतरणार नाही.

म्हणजे चार नव्हे, पाच टायर.

१३ एप्रिल, रविवार

डाव्या टायरची फक्त आतली कड झिजली, हे कारण शोधल्याशिवाय नवा टायर बसवण्यात अर्थ नाही. नवाही तसाच खाल्ला जाईल. स्पीडब्रेकरवरून हळू उतरताना पुढून एक कोरडा ठक आवाज येतो, आणि जोरात ब्रेक दाबला की गाडी किंचित डावीकडे ओढते. या तिन्ही गोष्टींचं मूळ एकच असावं असा माझा अंदाज.

२० एप्रिल, रविवार

सिंहगड रस्त्यावरच्या मिस्त्रींकडे गाडी वर घेतली. अंदाज बरोबर निघाला: डाव्या लोअर आर्मचा (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा खालचा दांडा) मागचा बुश (सांध्यातलं रबर) फाटलाय. त्यांनी पहार लावून आर्म हलवून दाखवला, जिथे रबराने धरून ठेवायला हवं तिथे लोखंड मोकळं फिरत होतं. ब्रेक लावताना चाक मागे ढकललं जातं, बुश सैल असला की त्या क्षणी चाकाचा रोख बदलतो. मशीनवर अलाइनमेंट, म्हणजे चाकांचा रोख जुळवणं, कितीही नीट केली तरी ती उभ्या गाडीची अलाइनमेंट, धावत्या गाडीची नव्हे. आवाज येत होता तो लिंक रॉडचा (सस्पेन्शनमधला छोटा जोडदांडा), दोन्ही बाजूंचा.

मिस्त्री म्हणाले, "साहेब, लोक आधी टायर टाकतात, मग अलाइनमेंट, मग सहा महिन्यांनी माझ्याकडे येतात. तोवर दोन टायर गेलेले असतात."

आज बदललं ते: दोन्ही लोअर आर्म पूर्ण (बुश वेगळा दाबून बसवता येतो, पण दहा वर्षांच्या गाडीत बॉल जॉइंटही नवा होऊन जातो), दोन्ही लिंक रॉड. बोल्ट शेवटचे आवळताना मिस्त्रींनी गाडी जॅकवरून उतरवून चाकांवर उभी केली. हे पाहून बरं वाटलं. चाक लोंबकळत असताना बुशचा बोल्ट आवळला की गाडी खाली आल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. शॉकअप चारही कोरडे, तेल गळत नाही. मागचे थोडे थकलेत, पण या वर्षी चालतील.

खर्च मजुरीसह ११,८००.

१ मे, गुरुवार

महाराष्ट्र दिनाची सुट्टी, ब्रेक उघडले. पुढे डिस्क, मागे ड्रम. पुढची पॅड तीन मिलिमीटरवर आली होती, बदलली. डिस्कला कड आलेली नाही. कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) सरकत्या पिनांपैकी एक घट्ट बसली होती, साफ करून त्या पिनांसाठीचंच ग्रीस लावलं. साधं ग्रीस इथे चालत नाही, रबर फुगवतं. मागचे ड्रम काढून आतली भुकटी पुसली, शू बरेच शिल्लक आहेत.

ब्रेक ऑइलबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण जुनी गाडी घेणाऱ्या दहापैकी नऊ जण याकडे बघत नाहीत. हे द्रव हवेतली ओल शोषून घेतं. ओल वाढली की त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. शहरात फिरताना काही जाणवत नाही. घाट उतरताना सतत ब्रेक दाबला, कॅलिपर तापला, की आत वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही पण वाफ दाबली जाते, आणि पेडल पोकळ होऊन तळाला जातं. फाइलमधल्या बिलांत ब्रेक ऑइल बदलल्याची शेवटची नोंद २०१९ ची. निघालं ते कोऱ्या चहाच्या रंगाचं. नवं डॉट ४ दर्जाचं ऑइल घालून चारही चाकांच्या ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढली. पेडल आता वरच धरतं.

पॅड आणि ऑइल मिळून ४,६००. मजुरी नाही, हात माझेच.

४ मे, रविवार

आज साइज ठरवला. आधी कंपनीचा: १७५/६५ आर१५. एकशे पंचाहत्तर मिलिमीटर रुंदी, त्याच्या पासष्ट टक्के भिंतीची उंची, पंधरा इंची रिम. भिंत ११४ मिलिमीटर, पूर्ण व्यास ६०८.

बदलायचं तर तीन वाटा दिसल्या. १८५/६० आर१५ घेतला तर व्यास ६०३, गाडी अडीच-तीन मिलिमीटर खाली बसते. सिटीचा ग्राउंड क्लिअरन्स १६५ आहे, आमच्या सोसायटीच्या उतारावर पाच माणसांसह ती आधीच घासते. बाद. १९५/६० आर१५ अनेक जण टाकतात. व्यास ६१५, फक्त एक टक्का जास्त, रस्त्यावर पकड चांगली. पण सिटीची रिम साडेपाच इंच रुंद आणि या टायरला चालणाऱ्या रुंदीची ती अगदी खालची मर्यादा. चालेल, पण टायर थोडा फुगीर बसतो, स्टिअरिंगला पहिलं वळण किंचित उशिरा कळतं, आणि पाण्यात रुंद टायर आधी तरंगतो. मला पावसाची गाडी हवी आहे.

१८५/६५ आर१५: भिंत १२० मिलिमीटर, व्यास ६२१, म्हणजे मूळपेक्षा २.१ टक्के जास्त. गाडी साडेसहा मिलिमीटर वर येते. खड्ड्याची कड रिमला लागण्याआधी सहा मिलिमीटर जास्त रबर. साडेपाच इंची रिमवर आरामात बसतो. भार क्रमांक ८४ ऐवजी ८८, एका टायरने उचलायचं वजन ५०० किलोवरून ५६० वर जातं. पाच माणसं आणि गणपतीचं सामान डोळ्यांसमोर ठेवलं तर ही जमेची बाजू लहान नाही. शिवाय हाच साइज स्विफ्ट, डिझायर, एर्टिगा यांच्या बऱ्याच मॉडेलना लागतो. चिपळूण असो की माणगाव, टायर फाटला तर कुठल्याही दुकानात मिळेल.

तोटेही लिहून ठेवतो. गिअरिंग दोन टक्क्यांनी लांब होतं, चढावर दुसऱ्या गिअरमध्ये तेवढं बळ कमी. आणि व्यास वाढला की टायर शॉकअपच्या स्प्रिंगखालच्या ताटलीच्या जवळ जातो. तिथे बोट जायला जागा राहिली पाहिजे, बसवल्यावर बघायचं.

मेहुण्याच्या सोळा इंचीबद्दल: २०१७ च्या सिटीला वरच्या मॉडेलमध्ये १८५/५५ आर१६ येतात, व्यास जवळपास मूळ इतकाच. पण भिंत १०२ मिलिमीटरच. महामार्गाच्या खड्ड्यांवर त्या अठरा मिलिमीटरची किंमत रिम वाकवून मोजावी लागते. आणि बाजारातले अलॉय घ्यायचे तर हबवर (चाक ज्यावर बसतं तो गाडीचा भाग) बसणारं त्यांचं मधलं भोक ५६.१ मिलिमीटरचं हवं, नट होंडाचे गोल बुडाचे असतात ते बाहेरच्या अलॉयना चालत नाहीत, निमुळते घ्यावे लागतात. हे विचारल्यावर दोन दुकानदार गप्प झाले. माझा निर्णय झाला: आहेत तेच पंधरा इंची कंपनीचे अलॉय.

१० मे, शनिवार

टायरच्या दुकानांची फेरी: स्वारगेट, सिंहगड रस्ता, कोथरूड. विचारायचे प्रश्न कागदावर लिहून नेले होते. कुठल्या आठवड्याचे बनलेले? पाचही एकाच सुमाराचे देणार का? वेगाचा निर्देशांक काय? व्हॉल्व्ह नवे घालणार का? बॅलन्सिंग धरून भाव किती?

एका ठिकाणी नामांकित टायर चांगल्या सवलतीत होते, कोड पाहिला तर दीड वर्षापूर्वीचे. नीट ठेवलेला टायर तेवढ्याने बिघडत नाही, पण माझं वर्षाला फिरणं बेताचं आहे. माझे टायर झिजण्याआधी वयाने जातील, म्हणून आयुष्याचं पहिलं दीड वर्ष दुकानदाराच्या माळ्यावर घालवलेला टायर मी का घ्यावा? पुण्याजवळ चाकणला ब्रिजस्टोनचा कारखाना आहे, छत्रपती संभाजीनगरला गुडइयरचा; म्हणून जवळचा माल ताजा असेल असं वाटतं, पण कारखाना जवळ असल्याने दुकानातला टायर ताजा ठरत नाही. भिंतीवरचे चार आकडेच काय ते सांगतात. बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरो) शिक्का आहे ना तेही पाहावं, आपल्याकडे तो बंधनकारक आहे.

विचारात होते: योकोहामा अर्थ-१ (मऊ, शांत), सिएट सिक्युराड्राइव्ह, मिशेलिन एक्सएम२+, अपोलो अल्नॅक ४जी. मिशेलिनचे पाच एका सुमाराचे कुणाकडे मिळाले नाहीत. शेवटी अल्नॅक ठरवला, १८५/६५ आर१५ ८८एच. एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतची क्षमता. एवढ्या वेगाने मी कधी जाणार नाही, पण वेगाचा निर्देशांक वरचा असला की टायर उष्णता जास्त सोसतो, आणि मे महिन्यात द्रुतगती मार्गाच्या काँक्रीटवर भरल्या गाडीला तेच हवं असतं. भिंत भक्कम वाटली, आणि मुख्य म्हणजे पाचही मार्च २०२५ चे मिळतायत.

भाव एकाला ६,४००, बसवणं, बॅलन्सिंग, व्हॉल्व्ह धरून. पाचांचे ३२,०००. टायरवर अठ्ठावीस टक्के जीएसटी आहे, त्यामुळे प्रत्येक टायरमागे चौदाशे रुपये कराचेच. हिचं म्हणणं पडलं, स्टेपनीचा पाचवा आत्ता कशाला. दहा वर्षांची स्टेपनी दाखवली, खाचेतले तडे दाखवले. मग तीच दुकानदाराला म्हणाली, "काका, पाचव्याचाही कोड दाखवा."

३१ मेची वेळ घेतली.

२४ मे, शनिवार

३१ पर्यंत थांबलो नाही. या मे महिन्यात पुण्यात जवळजवळ रोज संध्याकाळी पाऊस आहे, आणि आज केरळात मान्सून दाखल झाल्याची बातमी आली, नेहमीच्या आठवडाभर आधी. दुकानात फोन केला, काका म्हणाले या.

काम करताना बाजूला उभा राहिलो आणि त्यांनी राहू दिलं. जुने टायर उतरवल्यावर एका रिमची आतली कड वाकलेली निघाली, बाहेरून अजिबात दिसत नव्हती. हवा तिथूनच हळूहळू जात असणार. शेजारच्याच रिमवाल्याकडे सरळ करून घेतली, ७००. फार वाकलेली किंवा तडा गेलेली असती तर बदललीच असती, वेल्डिंग केलेल्या अलॉयवर माझा भरवसा नाही.

रिमच्या ज्या पट्टीवर टायर बसतो ती घासून घेतली, व्हॉल्व्ह नवे. बॅलन्सिंगला मशीन एका चाकाला तोल साधायला साठ ग्रॅमचं वजन लावा असं दाखवायला लागलं. काकांनी टायर रिमवर अर्धा फिरवून पुन्हा बसवला आणि तीस ग्रॅमवर आणलं. हे न सांगता केलं. असं दुकान सापडलं की सोडू नये.

नट त्यांनी हवेच्या गनने फक्त टेकवले, शेवटचं आवळणं मी टॉर्क पान्याने केलं, १०८ न्यूटन मीटर, समोरासमोरचे आलटून पालटून. गनने पूर्ण आवळलेले नट रस्त्याच्या कडेला गाडीतल्या पान्याने सुटत नाहीत, आणि डिस्क वाकडी होण्याचं तेही एक कारण.

स्प्रिंगची ताटली: बोट सहज जातं. पाच जण बसवून स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवलं, कुठे घासत नाही. स्टेपनी तिच्या खड्ड्यात बसते, वरचा पुठ्ठा सपाट राहतो.

मग लगेच अलाइनमेंट. पुढच्या डाव्या चाकाचा रोख बराच बाहेर होता. लोअर आर्म बदलल्यावर हे होणारच होतं, म्हणूनच अलाइनमेंट सगळ्यात शेवटी. छापील कागद घेतला, आधीचे आकडे आणि नंतरचे, फाइलमध्ये लावला.

नायट्रोजन भरायचा आग्रह झाला, नको म्हटलं. साध्या हवेत अठ्ठ्याहत्तर टक्के नायट्रोजनच असतो. दर पंधरवड्याला थंड टायरचा दाब बघणं जास्त मोलाचं. आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवरचा, भरल्या गाडीचा वेगळा दिलेला असतो तो प्रवासाला.

२६ मे, सोमवार

हवामान खात्याने आज मुंबई आणि पुण्यात मान्सून जाहीर केला. मुंबईत इतक्या लवकर याआधी कधी नोंदला गेला नव्हता. काल दौंड, बारामती, इंदापूरकडे पाण्याने हाहाकार केला. ऑफिसातून येताना सगळ्या रस्त्याला घोटाभर पाणी. नव्या टायरवर अजून साच्यातून सुटण्यासाठी लावलेला थर असतो, पहिले दोन-तीनशे किलोमीटर पकड पूर्ण येत नाही, म्हणून सगळीकडे जपूनच चालवली.

पाण्यावर टायर तरंगण्याबद्दल एक सूत्र इथे नोंदवून ठेवतो. १९६० च्या दशकात नासाच्या संशोधकांनी विमानांच्या टायरवर काम करताना काढलेलं: तरंगायला लागण्याचा वेग, नॉटमध्ये (ताशी सागरी मैल), हा टायरमधल्या पीएसआयमधल्या (हवेचा दाब मोजायचं एकक) दाबाच्या वर्गमुळाच्या नऊपट. ३२ पीएसआयला तो ताशी साधारण ९४ किलोमीटर येतो. हवा २६ वर गेलेली असेल तर ८५. हे ढोबळ आहे, साचलेलं पाणी खोल आणि नक्षी पाणी बाहेर काढायला अपुरी, अशा स्थितीचं. चांगली नक्षी असेल तर थोडी सूट मिळते. पण नक्षी गोटा आणि हवा कमी अशी गाडी द्रुतगती मार्गावर शंभरने जाते, तेव्हा ती चालवणाऱ्याच्या हातात नसते. आपल्याकडे ओल्या रस्त्यावर गाडी फिरली की "ब्रेक लागला नाही" म्हणतात. ब्रेक बहुतेकदा लागलेला असतो, चाकाखाली रस्ताच नसतो.

७ जून, शनिवार

कागदपत्रं आणि बारीक कामं. आरसी नावावर झाली, विमाही. आधीच्या मालकांचा नो क्लेम बोनस त्यांच्याबरोबर गेला, तो गाडीचा नसतो, माणसाचा असतो. माझ्या जुन्या गाडीचा मी इथे आणला. उच्च सुरक्षा नंबरप्लेटची ३० जूनची मुदत आहे, ती बसवून घेतली, ७४५ अधिक जीएसटी.

होंडाच्या साइटवर चासी नंबर टाकून रिकॉल तपासले, काही बाकी नाही. वायपरची दोन्ही रबरं, एसीचा केबिन फिल्टर, इंजिनात ०डब्ल्यू-२० ऑइल. मिळून ५,३००.

१५ जून, रविवार

हेडलाइट. काचा पिवळट पडल्या होत्या, त्या काचा नसून पॉलिकार्बोनेट असतं, उन्हाने वरचा थर मरतो. पाणी मारत आठशे, हजार, दोन हजारच्या पॉलिश पेपरने घासलं, मग पॉलिश, मग अतिनील किरण अडवणारा पारदर्शक थर. शेवटचा थर न देता सोडलं तर वर्षभरात पुन्हा पिवळं. कोपऱ्यावरचे दुकानदार तो थर देतच नाहीत.

बल्ब ६०/५५ वॉटचे चांगल्या कंपनीचे साधे हॅलोजनच नवे टाकले. हॅलोजनसाठी बनवलेल्या परावर्तकात एलईडी घुसवला की प्रकाश रस्त्यावर कमी आणि समोरच्याच्या डोळ्यांत जास्त जातो. ताम्हिणीतल्या धुक्यात तो पांढरा प्रकाश उलट आपल्यावरच परततो. भिंतीसमोर उभी करून दोन्हींची उंची जुळवली. एकूण १,९००, आणि रात्रीच्या रस्त्यावरचा फरक टायरच्या खालोखाल मोठा.

२९ जून, रविवार

एकटाच ताम्हिणीला जाऊन आलो, मुळशीवरून माणगावपर्यंत आणि परत. आई-बाबांना नेण्याआधी गाडी ओळखीची व्हायला हवी होती. घाटात धो धो. निवे फाट्यापुढे रस्त्यावर आडवे ओहोळ. गर्दी नव्हती, मागे कुणी नव्हतं, सरळ पट्ट्यावर ताशी पन्नासवरून मुद्दाम जोरात ब्रेक दाबला: गाडी सरळ रेषेत थांबली, डावीकडे ओढ नाही, एबीएस अगदी शेवटी थोडा थरथरला. उतारावर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनाने धरली, ब्रेक फक्त वळणाआधी. खाली पोहोचल्यावर पेडल जसंच्या तसं.

स्पीडोमीटर: आधी ८० दाखवताना जीपीएसवर ७७ असायचं, आता ७९ जवळ. म्हणजे साइज वाढवल्याने काटा जास्त खरा झाला. उलट किलोमीटर दोन टक्के कमी मोजले जातात, म्हणून मायलेज काढताना १.०२ ने गुणायचं. आजचं आलेलं १५.२, खरं १५.५.

बोलायचा तोटा एकच: चढावर दुसऱ्या गिअरमध्ये पूर्वीपेक्षा थोडा जास्त ॲक्सिलरेटर लागतो. मला तो मान्य आहे.

२३ ऑगस्ट, शनिवार

आतापर्यंतचा खर्च टायर, आर्म, ब्रेक, दिवे, किरकोळ सगळं धरून सत्तावन्न हजारांच्या जरा वर. उरलेल्यात टचस्क्रीन बसत नाही, मागे घ्यायचा कॅमेरा बसतो, तो आरशातल्या छोट्या पडद्यासह लावून घेतला. मेहुण्याला फिल्मबद्दल नियम दाखवला, पुढच्या-मागच्या काचेतून सत्तर टक्के आणि बाजूच्यांतून पन्नास टक्के प्रकाश आत यायलाच हवा. त्याला हवी होती ती काळी.

दाब भरल्या गाडीचा केला, स्टेपनीचाही. नट पुन्हा १०८ वर तपासले. उद्या पहाटे निघायचं.

४ सप्टेंबर, गुरुवार

गौरी-गणपती करून परत. जाताना माणगावच्या पुढे गाड्यांची रांग, कशेडीच्या बोगद्याने वेळ वाचवला. येताना महाडच्या अलीकडे रात्री पाण्याने भरलेल्या खड्ड्यात पुढचं डावं चाक सणकून आपटलं. थांबून टॉर्चने पाहिलं: भिंतीला फुगा नाही, रिमची कड सरळ. ते जादा सहा मिलिमीटर तिथे कामी आले असं मी मानतो. बाबा मागे बसून म्हणाले, गाडी बसलेली वाटत नाही, आणि त्यांची पाठ दुखली नाही यापेक्षा मोठी पावती मला नको.

आज घरी सगळे टायर मोजले. नवे असताना ७.८ मिलिमीटर होते, आता पुढचे ७.४, मागचे ७.६. महत्त्वाचं हे की पुढच्या डाव्याची आतली आणि बाहेरची कड सारखीच आहे. लोअर आर्मचे पैसे वसूल. दहा हजार किलोमीटरला पुढचे सरळ मागे आणि मागचे तिरके पुढे घ्यायचे.

काल रात्री जीएसटी परिषदेने टायरवरचा कर अठ्ठावीसवरून अठरा केला, २२ सप्टेंबरपासून लागू. माझा ६,४०० चा टायर त्या हिशोबाने ५,९०० ला पडेल. सासऱ्यांच्या डिझायरला हाच साइज लागतो, त्यांचे टायर अजून तीन मिलिमीटरवर आहेत आणि ते गाडी गावातच फिरवतात. त्यांना २२ पर्यंत थांबायला सांगितलंय, गेज घेऊन रविवारी जातो. आपल्या गाडीचे मागचे शॉकअप आता पुढच्या उन्हाळ्यात.